कोयत्यावर जाण्याआधी



दसरा झाला, की बीड जिल्ह्यातली पुष्कळ माणसे ऊसतोडीला निघतात. लेकरू कॉलेजात राहते. मागे अर्जाचे कागद कोण काढणार?

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. आज त्यांच्या नावाने सरकारची शिष्यवृत्ती आहे. घरचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असेल, तर ठरावीक अभ्यासक्रमांच्या फीला मदत मिळते. मागासवर्गीयांसाठी निराळ्या शिष्यवृत्त्या आहेत. अर्ज ‘महाडीबीटी’ या सरकारी संकेतस्थळावर भरतात.

मुकादमाची उचल फेडावी लागते. शिष्यवृत्ती फेडावी लागत नाही.

म्हणून गाव सोडण्याआधी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढा. जातीचा दाखला, रहिवासी दाखला, रेशनकार्ड आणि गुणपत्रिका एका पिशवीत ठेवा. लेकराचे बँक खाते आधारला जोडून घ्या. पैसे त्याच खात्यात येतात.

आणखी एक ध्यानात ठेवा बरं का! अर्ज भरताना मोबाईलवर एक आकडा येतो. तो मोबाईल तुमच्याबरोबर उसाच्या फडात गेला, तर लेकराचे काम अडते. म्हणून त्याच्याजवळ राहील तोच नंबर द्या. आलेला आकडा परक्याला सांगू नका.

अर्ज दरवर्षी करावा लागतो. एकदा पैसे मिळाले, म्हणून गप्प बसू नका.

गुणपत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव एकच आहे का? दुसऱ्याला विचारू नका. दोन्ही कागद हातात घ्या, अक्षर अक्षर जुळवा. आता तुम्हांला वाचता येते.