मर्यादा वाढवून घ्यावी काय?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



गावोगावच्या बैठकांत आम्हाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढवून देतो असे बँक म्हणते. त्यासाठी नवा अर्ज करावा लागतो आणि अर्ज केला की 'सिबिल' तपासले जाते. तपासले की गुण कमी होतात. मग मर्यादेसाठी गुण घालवायचे काय? प्रश्न लहान दिसतो, पण पुढच्या हंगामाचे बियाणे बँकेच्या पैशाने येणार की सावकाराच्या, हे त्याच्या उत्तरावर ठरते. म्हणून आज कापसाच्या भावाचे भाषण जरा मागे ठेवून आम्ही या हिशेबावर बोलणार आहोत.

सिबिल हा काही सरकारी दाखला नाही. ती २००० साली निघालेली एक कंपनी आहे. २००५ च्या कायद्याखाली आज अशा चार कंपन्या काम करतात. कुणी किती कर्ज घेतले, हप्ता कधी भरला, कधी चुकवला, याची नोंद बँका त्यांना पुरवतात आणि त्या ३०० ते ९०० मध्ये गुण देतात. तुम्ही कुणाला जामीन राहिला असाल तर तेही तुमच्या अहवालात येते. पाव्हण्याच्या ट्रॅक्टरला घातलेली सही अशी आपल्या पीककर्जाच्या आड येऊन बसते.

आता तपासणीचे दोन प्रकार लक्षात ठेवा. आपण स्वतः आपला अहवाल पाहिला तर गुण कमी होत नाहीत. आपण कर्ज मागितले म्हणून बँकेने अहवाल पाहिला तर त्याची नोंद राहते आणि गुण थोडे उतरतात. एका तपासणीने फार बिघडत नाही. वेळेवर भरणा झाला की ते भरून निघते. बिघडते ते पाच ठिकाणी हात पसरल्याने.

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचे असेच झाले. मे महिन्यात त्याने बँकेत मर्यादा वाढवायचा अर्ज टाकला. साहेब म्हणाले, पंधरा दिवसांनी या. पाऊस तोंडावर आलेला. घाबरून तो एका फायनान्स कंपनीकडे गेला, मग दुसरीकडे, मग पोराने मोबाईलवरच्या दोन ॲपवर अर्ज भरले. महिन्याभरात पाच तपासण्या झाल्या. बँकेने अहवाल उघडला तेव्हा कागद सांगत होता की हा माणूस जिथे मिळेल तिथे पैसा शोधतो आहे. त्याची जमीन तीच, पीक तेच, जुना भरणा चोख, तरी अर्ज बाजूला पडला. बियाणे शेवटी कृषिकेंद्राच्या उधारीवर आले आणि कापूस त्याच दुकानदाराच्या सांगण्याने, त्याच्याच भावात गेला.

पीककर्जाला सिबिलची अट लावू नका, असे मे २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी बँकर्सच्या बैठकीत बजावले. कोरडवाहू माणसाचा हप्ता चुकतो तो पावसाने आणि भावाने. त्याची नियत त्या गुणांत मोजता येत नाही, हे आपले म्हणणे आहेच. पण बजावणे वेगळे आणि शाखेतली खिडकी वेगळी. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. छोट्या कर्जदाराला नकाराचे कारण लेखी देणे बँकेवर बंधनकारक आहे. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका.

आता मर्यादेकडे येऊ. कृषी महाविद्यालयात आम्हाला एकरी खताचे हिशेब शिकवले, एकरी कर्जाचा हिशेब कुणी शिकवला नाही. तो आम्ही शाखांच्या बाकड्यांवर बसून शिकलो. किसान कार्ड १९९८ साली आले आणि २०१२ साली योजना सुधारली. तिच्यात मर्यादा अशी काढतात: जिल्हा समितीने ठरवलेला एकरी पीककर्जाचा दर गुणिले क्षेत्र. त्यावर काढणीनंतरच्या आणि घरखर्चासाठी १० टक्के, औजारे-बैलजोडीच्या देखभालीसाठी २० टक्के आणि विम्याचा हप्ता.

नमुन्यादाखल दर आपण धरून चालू, खरा दर तुमच्या जिल्ह्याचा बघा. तीन एकर कापूस २५ हजारांप्रमाणे ७५ हजार, दोन एकर ज्वारी १४ हजारांप्रमाणे २८ हजार, मिळून १ लाख ३ हजार. त्यावर ३० टक्के धरले की विमा सोडून १ लाख ३३ हजार ९०० होतात. आणि खरी गोम पुढे आहे. खर्चवाढ म्हणून ही मर्यादा दरवर्षी १० टक्क्यांनी वाढते आणि पाचव्या वर्षाचा आकडा सुरुवातीलाच मंजूर करायचा असतो. आपल्या उदाहरणात पाचव्या वर्षी तो १ लाख ९६ हजारांवर जातो. म्हणजे जी वाढ आपण नव्या अर्जाने, नव्या तपासणीने मागायला निघालो, ती पुष्कळदा जुन्याच मंजुरीत पडून असते. म्हणून बँकेत गेल्यावर पहिला शब्द 'वाढवा' हा नको. 'माझ्या कार्डाची यंदाची उचल मर्यादा किती आणि पाचव्या वर्षाची किती, ते लिहून द्या,' हा हवा.

दुसरे, १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यापुढे गेलात की जमीन गहाण देण्याची गोष्ट निघते. सव्वादोन लाखांची मर्यादा हवी म्हणताना पंचवीस हजारांसाठी सातबारा गुंतवतो आहोत काय, हे घरात बसून ठरवा.

मग नवा अर्ज करूच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. ५० हजार जास्त हवे आहेत असे समजा. सावकार महिन्याला शेकडा ५ घेत असेल तर आठ महिन्यांत २० हजार व्याज होते. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला बँकेचे व्याज वर्षाला ७ टक्के, म्हणजे ३,५०० रुपये. मुदतीत भरले तर ४ टक्के, म्हणजे २ हजार. राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत बसलात तर त्याहूनही कमी. सावकाराचे किंवा दुकानदाराचे देणे उठवून त्या जागी बँकेचा पैसा येत असेल, तर एक तपासणी काहीच नाही. खुशाल होऊ द्या.

पण मुद्दल फेडायचे कशातून, हेही बघा. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये होता. त्या भावाने ५० हजार फेडायला साडेसहा क्विंटल कापूस लागतो. तीन एकरांत वाटला तर एकरी दोन क्विंटलांहून जास्त, आणि तोही आजच्या उत्पादनाच्या वर. कोरडवाहूत पाऊस खंडला की खताची दुप्पट पोती टाकूनही ते येत नाही. आणि हमीभाव तरी हातात पडतो काय? १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ परदेशी कापसावरचे आयात शुल्क माफ होते, आपली वेचणी सुरू झाली त्याच दिवसांत. वाढीव मर्यादा लग्नासाठी किंवा जुने कर्ज 'नवे-जुने' करण्यासाठी घेतली, तर तिच्यातून एक बोंडही जास्त येणार नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. हंगामाआधी, गरज नसताना, आपला अहवाल स्वतः काढून बघा. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा तो फुकट द्यायचा असतो. फेडलेले कर्ज तिथे थकीत दिसत असेल तर बँकेचा 'बाकी नाही' दाखला जोडून तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. कर्जमाफीत किंवा तडजोडीत निघालेल्या कर्जांची नोंद तर जरूर तपासा. मग कार्डाची जुनी मंजुरी बघा. तरीही कमी पडत असेल आणि सावकार हटत असेल, तर अर्ज करा. पण एकाच बँकेत करा आणि उत्तर येईपर्यंत दुसरीकडे सही करू नका.

मर्यादा म्हणजे उत्पन्न नव्हे, भावांनो. ती देण्याची उंची आहे. भाव मिळाला तर लहान मर्यादाही पुरते. भाव मारला गेला तर मोठी मर्यादा मोठा खड्डा होते. म्हणून भावाची लढाई चालूच राहील. तोपर्यंत कुणी अडाणी समजून कागदावर सही घेऊ नये, एवढी तयारी आपल्या हातात आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपले मंजुरीपत्र सोबत आणावे. सगळे मिळून वाचू.