चिरकाम पुन्हा आपल्या दारी

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने मला ‘सुताराची नवी अवजारे’ असा विषय दिला आहे. अवजारे पुष्कळ आहेत. त्यांपैकी एकाविषयीच बोलण्याची मी परवानगी घेतो. कारण त्याच्यापायी आपल्यातील काही तरुण कर्ज काढावयास निघाले आहेत, आणि दुसरीकडे त्याच्या अभावी आपल्याच जिल्ह्यातील उत्तम सागवान जळाऊ लाकडाच्या भावाने गाडीवर चढत आहे. हे अवजार म्हणजे चौकटीत बसवून ओंडका जागच्या जागी चिरणारी साखळीची करवत, अर्थात चेनसॉ.

आपल्या झाडीपट्टीत चिरकाम हे सुतारकामाला लागूनच असे. ओंडका खड्ड्यावर किंवा उंच घोडीवर चढवावयाचा, गेरूत भिजविलेली दोरी ताणून रेघ मारावयाची, आणि दोन माणसांनी आरा ओढावयाचा. वरचा रेघ सांभाळी, खालचा बळ देई आणि दिवसभर डोळ्यांत भुसा घेई. साग, बिजा, येन, शिवण यांची जात आणि त्यांची रग ही मंडळी आऱ्याच्या आवाजावरून ओळखीत. पुढे शहरांत आरागिरण्या आल्या, आणि आपण रंधा, वाकस, पटाशी घरी ठेवून चिराईसाठी गिरणीच्या दारात उभे राहू लागलो. त्यात गैर काही नव्हते; पट्ट्याची करवत एका तासात जे करी ते खड्ड्यावरच्या दोघांना दिवसभरात होत नसे. परंतु ओंडका गिरणीपर्यंत नेण्याचा खर्च ज्याला झेपत नाही त्याचे लाकूड जागेवरच कवडीमोल झाले, ही गोष्ट आपण फारशी मोजली नाही.

ती मोजण्याची वेळ वैनगंगेच्या काठाने आपल्यावर आणली. पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते बसली. त्यानंतरच्या तीन दशकांत भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील नदीकाठची अनेक गावे उठून पुनर्वसनाच्या वसाहतींत गेली. जुने घर उकलले म्हणजे त्यातून खांब निघतात, मयाली निघतात, आढे, चौकटी, उंबरे निघतात. नव्या सिमेंटच्या घरात त्यांना जागा नसते. ज्या खांबाला तीन पिढ्यांचे हात लागले, तो अंगणात दोन पावसाळे भिजतो आणि मग जो येईल त्याला दिला जातो. ही गोष्ट केवळ बुडीत गावांची नाही. साकोलीपासून मोहाडीपर्यंत ज्या ज्या गावी मातीचे घर पाडून स्लॅबचे घर उभे राहते, त्या प्रत्येक गावी हेच घडते. आणि विकणारांत आपलीही घरे आहेत, हे भगिनीवर्गाला मी वेगळे सांगावयास नको.

आता यंत्राकडे वळू. चेनसॉ ही झाड आडवे कापण्यासाठी निघालेली वस्तू. जर्मनीत आंद्रेआस श्टील याने १९२६ साली विजेवरची आणि १९२९ साली पेट्रोलवरची करवत केली. तिच्या पात्याला लोखंडी चौकट आवळून उभे चिरकाम करण्याची युक्ती पुढे अमेरिकेत रूढ झाली. तेथे ती ‘अलास्कन मिल’ या नावाने ओळखली जाते. चौकट आणि पाते यांतील अंतर ठरविले की तितक्याच जाडीची फळी निघते. पहिल्या कापाला ओंडक्यावर सपाट जागा नसते, म्हणून वर एक सरळ फळी किंवा शिडी ठोकून तिच्यावरून चौकट सरकवावी लागते. हा पहिला काप वाकडा गेला तर खालच्या सर्व फळ्या वाकड्या येतात. मागून पाचरी मारीत जावे, नाहीतर चीर मिटून साखळी अडकते. ओंडका किंचित उतारावर ठेवला तर यंत्राचे वजनच पुढे ओढते. साखळीचे दात आडव्या कापासाठी साधारण ३० अंशांच्या कोनात घासलेले असतात. उभ्या चिरेला ते १० अंशांच्या आसपास आणावे लागतात. एवढे न करता जे बाजारातल्या साखळीनेच ओढत बसतात, त्यांचे यंत्रही तापते आणि फळीही खरखरीत निघते.

यंत्र विकणारे एक हिशेब सांगत नाहीत, तो आपल्या सुतांतच करू. साखळी सुमारे ३ सूत लाकूड खाते. गिरणीचा पट्टा धरा १ सूत. १२ इंची चौरस मयाल म्हणजे ९६ सूत. तिच्यातून १ इंची फळ्या काढल्या तर गिरणीत १० निघतात, साखळीने ९. आणि साखळीच्या आठ कापांत तब्बल ३ इंच लाकडाचा भुसा होतो. अर्धा इंची काढावयास जाल तर गिरणीत १९ आणि साखळीने केवळ १४. मात्र २ इंची जाड फळ्या काढल्या, तर गिरणीतही ५ आणि साखळीनेही ५! हे ज्याच्या ध्यानात आले त्याला यंत्राचे मर्म कळले. पातळ फळीसाठी हे यंत्र वापरणे म्हणजे लाकडाचा नाश होय. बाकाची बैठक, मेजाचा माथा, जिन्याची पायरी, देवघराचा पाट, दाराची भक्कम चौकट, अशा जाड कामासाठीच ते आहे. आणि जुन्या मयालीचा मोठा गुण असा की ती पन्नास वर्षे छपराखाली वाळलेली असते. ताज्या आंब्याची किंवा बाभळीची फळी इंचाला एक वर्ष या ठोकताळ्याने, मध्ये दांड्या ठेवून, टोकांना रंग लावून सावलीत वाळवावी लागते. तेवढा धीर आजच्या गिऱ्हाइकाला कोठला?

जुन्या लाकडाचा दोष मात्र एकच आणि भयंकर: खिळा. कोणी पाळण्यासाठी कडी मारलेली असते, कोणी कंदिलासाठी. खिळ्याचे डोके झडलेले असते आणि टोक आत राहते. सागाला किंवा येनाला एखाद्या जागी निळसर काळा डाग दिसला तर तेथे लोखंड आहे असे समजावे. चुंबक फिरवावे, धातुशोधक असल्यास उत्तमच, आणि नंतरच साखळी लावावी. शिवाय सागात वाळूचा अंश असतो; सुका साग दात लवकर बोथट करतो, म्हणून घासणी हाताशीच हवी. यंत्राचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. चपला घालून, उघड्या कानांनी, गळ्यात गमछा लोंबता ठेवून हे काम करणारास मी शूर म्हणणार नाही.

आता कायद्याविषयी. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात दिलेल्या आदेशापासून आरागिरण्यांवर कडक नियंत्रण आले. ३० ऑक्टोबर २००२ च्या आदेशाने विनापरवाना गिरण्या बंद करण्यास सांगितले. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनंतर परवान्यांचा विचार राज्यस्तरीय समितीकडे आला. आपले फिरते यंत्र या नियमांत बसते की नाही, हे चहाच्या टपरीवर ठरवू नये. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून लेखी उत्तर घ्यावे, आणि तोवर यंत्र सुरू करू नये. शेताच्या बांधावरचे झाडही १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याकडे पाहूनच तोडावयाचे असते. उकललेल्या घराच्या लाकडासोबत घराचा उतारा, ग्रामपंचायतीचा दाखला आणि पाडण्यापूर्वीची छायाचित्रे ठेवावीत. जंगलातून रात्री आलेल्या ओंडक्याला आपल्या यंत्राने हात लावला, तर एका माणसाचे नव्हे, साऱ्या समाजाचे नाव पंचनाम्यात चढते.

राहिला पैशाचा प्रश्न. रुंद चिरेला ७० ते ९० सी.सी.चे इंजिन लागते, आणि ते स्वस्त नसते. एका गावातील एका सुताराला वर्षभर पुरेल इतके जाड लाकूड मिळणार नाही. हप्ता मात्र दरमहा येईल. म्हणून एकट्याने घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. पाच-सहा गावांतील दहा घरांनी मिळून एक यंत्र, दोन चौकटी आणि सहा साखळ्या घ्याव्यात. चालविणारे दोघेच ठरवावेत, आणि चिराई घनफुटावर न घेता कापाच्या चौरस फुटांवर घ्यावी, कारण पेट्रोल आणि साखळी त्यावरच झिजतात. खिळा लागून साखळी गेली तर तिचा खर्च लाकूडमालकाचा, हेही आधीच लिहून घ्यावे. नाहीतर भाऊबंदकीला लोखंडाचा एक तुकडा पुरतो!

मंडळाकडे माझी मागणी लहान आहे. ज्या सभासदांच्या घरी जुने घर उकलावयाचे आहे, त्यांची नावे आजच कार्यवाहांकडे द्यावीत. किती खांब, किती मयाली, कोणते लाकूड, लांबी-रुंदी किती, एवढीच नोंद हवी. ती यादी हाती आली म्हणजे यंत्र घेणे परवडते की नाही, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. वही मंडपाच्या दाराशी ठेवली आहे. मापे ठाऊक नसतील तर टेप घेऊन येण्यास आपल्यातील तरुण तयार आहेत.