पुराआधी भरलेली पिशवी

(पावसाळ्याच्या तोंडावर रुग्णांचे आप्तस्वकीय व हितचिंतक यांच्या मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



कृष्णाकाठच्या माणसाला पुराची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सांगलीकरांनी सोळा वर्षांत अनुभवले. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथे पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. त्याच वेळी पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन अनेक दिवस बंद राहिला.

आम्ही वैद्यक शिकलेलो नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन हिशेबाच्या वह्यांतून रुग्णालयाच्या कारभारात आलो. त्यामुळे आज आम्ही जे सांगणार आहोत, त्यात उपचार थोडा आणि व्यवस्था अधिक आहे. परंतु पूरकाळात व्यवस्थेअभावी उपचार अडतो. निवारा केंद्रातून आलेली वृद्ध व्यक्ती ‘रक्तदाबाची छोटी पांढरी गोळी’ एवढेच सांगते. अशा गोळ्या अनेक असतात. केसपेपर घरात, घर पाण्यात. मग डॉक्टरांना तपासणी मुळापासून सुरू करावी लागते आणि मोलाचा वेळ खर्ची पडतो.

म्हणून पिशवीत सर्वप्रथम कागद ठेवावा. एका कागदावर रुग्णाचे नाव, वय, आजार, प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा व वेळ, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे आणि दोन नातलगांचे दूरध्वनी क्रमांक सुवाच्य अक्षरांत लिहावेत. सोबत शेवटच्या डिस्चार्ज कार्डाची, आधार कार्डाची, शिधापत्रिकेची व बँक पासबुकाची झेरॉक्स प्रत असावी. हे सारे प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, एकीत एक घालून, तोंड घट्ट बांधावे. मोबाइलमध्ये छायाचित्रे अवश्य काढावीत. मात्र वीज गेल्यावर मोबाइलही मिटतो, हे विसरू नये.

दुसरे औषध. नित्याची औषधे किमान दोन आठवडे पुरतील एवढी असावीत. दर महिन्याला नवी औषधे आणल्यावर ती पिशवीत ठेवावीत आणि पिशवीतील आधी वापरावीत. जुना माल आधी काढावा हा दुकानदारीतला साधा नियम येथेही लागू पडतो; त्यामुळे मुदत उलटलेली गोळी हाती येत नाही. इन्सुलिनची न उघडलेली कुपी फ्रीजमध्ये ठेवावी लागते. वीज नसल्यास ती कोरड्या वेष्टनात, ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या भांड्यात सांभाळावी. बर्फाला थेट चिकटवू नये. गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते.

तिसरे पाणी. चोहीकडे पाणी असते, पण पिण्यास घोटभर मिळत नाही, हाच महापुराचा अनुभव आहे. २०१९ साली कोल्हापुरात उपसा केंद्रेच बुडाल्याने नळ कोरडे पडले होते. माणशी दोन-तीन लिटर भरलेले पाणी, क्लोरिनच्या गोळ्या व ओआरएसची पाकिटे घ्यावीत. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात पूड विरघळवावी आणि ते पाणी चोवीस तासांत संपवावे.

उर्वरित वस्तू थोडक्यात सांगतो. बॅटरी व तिचे जादा सेल, शिट्टी, चष्म्याचा जादा जोड, कोरडे कपडे, एक चादर, सॅनिटरी पॅड, तान्ह्या बाळाचे दुपटे, भडंग, फुटाणे, गूळ आणि सुट्टे पैसे. पिशवी एका माणसाला एका खांद्यावर पेलता आली पाहिजे. नावेत दोन्ही हात मोकळे लागतात.

काही रुग्णांची पिशवी मात्र पुरेशी नाही. डायलिसिस चुकवता येत नाही, आणि दिवस भरत आलेल्या गर्भवतीला रस्ता बंद होण्याची वाट पाहता येत नाही. अशा कुटुंबांनी पाणी इशारा पातळीकडे सरकू लागताच उंचावरील नातलगांकडे जावे आणि तेथील डायलिसिस केंद्राशी किंवा प्रसूतिगृहाशी आधीच बोलून ठेवावे. कृष्णेचे पाणी बहुधा तासातासाने चढते. तेवढी सवड ती देते. ‘गेल्या वेळी उंबऱ्याला लागले नव्हते’ या भरवशावर ही सवड दवडू नये. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक दाराच्या आतील बाजूस लिहून ठेवावेत.

घर सोडताना विजेचा मुख्य खटका व गॅसचा रेग्युलेटर बंद करावा. परतल्यावर चिखल उपसताना गमबूट घालावेत, पायावरील जखम झाकावी. पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. ताप व अंगदुखी जाणवल्यास अंगावर काढू नये, त्याच दिवशी तपासून घ्यावे.

देणगीदारांच्या दातृत्वामुळे खाटा, यंत्रे व औषधे उभी राहतात, त्याबद्दल आम्ही सदैव ऋणी आहोत. परंतु रुग्ण आपल्या औषधांच्या कागदासह वेळेत येथे पोहोचला, तरच ते दान त्याच्यापर्यंत पोहोचते. तो कागद लिहिण्यास पाच मिनिटे लागतात. आज घरी गेल्यावर जेवणापूर्वी तेवढे करावे, ही नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.