जव्हारचा राजवाडा आणि आपला दावा
(माहीमच्या पाड्यावरील सभेत केलेले भाषण)



इथं माहीमच्या वाड्यांत पान-नारळीला पाणी लावणारे आपल्यातले कितीतरी जण जव्हार-विक्रमगडकडून आलेत. तिकडे गेलं की पोरं टेकडीवरच्या जयविलास राजवाड्यापुढं फोटो काढतात, जयसागराच्या काठी बसतात. काढावेत फोटो, मज्जाव कुणाचा नाही. पण वाडा बघून नुसतं परत यायचं नाही, हे सांगायला आम्ही उभे आहोत.

जव्हारचे मुकणे राजे कोळी महादेव, म्हणजे आदिवासीच. १३४३ साली नेमशहाला दिल्लीच्या सुलतानाने राजा मानलं, ते राज्य १९४८ पर्यंत टिकलं. सहाशे वर्षं! आदिवासींना इतिहास नाही म्हणणाऱ्याला एवढं सांगा.

पण त्याच्या आधी? इंग्रज सरकारने १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात गोष्ट आहे. जव्हारला पूर्वी वारली राजा होता. कोळी सरदार पोपेरा त्याच्याकडे आला नि म्हणाला, बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जागा द्या. वारल्याने हो म्हटलं. याने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडली आणि सगळा मुलूख वेढला. वारल्याच्या वाट्याला गंभीरगडाकडचा डोंगर आला.

यावरून वारली-कोळी भांडण लावायचं नाही. आज दोघेही फॉरेस्टच्या नोटिसा झेलतात. खरीखोटी कशीही असो, गोष्ट एवढं कबूल करते की राज्याच्या आधी त्या जमिनीवर वारली होता. आणि हे सरकारनेच छापलंय.

आता कामाचं ऐका. वनहक्क कायदा २००६ चा. त्याचा नियम १३ सांगतो पुरावा कोणता चालतो. गॅझेटियर चालतं. जुन्या संस्थानाचे नकाशे, हक्कांच्या, सवलतींच्या नोंदी चालतात. म्हणजे जव्हार दरबाराचा कागद कुणाच्या पेटीत, कुडाच्या खोपीत असेल तर तो चुलीत जाऊ देऊ नका. विहीर, मसणवट, वाघोबाचा दगड, शेताचे बांध, हेही पुरावेच. "सातबारा नाही, दावा होत नाही" असं कचेरीत कुणी म्हटलं की नियम १३ दाखवा.

मात्र एकाच पुराव्यावर बसू नका, एकाहून जास्त लागतात. गॅझेटियर गावाचं सांगतं, तुमच्या प्लॉटचं नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून तो प्लॉट तुम्ही कसता, हे दाखवावं लागेल. तिथं म्हातारी माणसं कामाला येतात. ज्याचा दावा त्याने स्वतःचं सांगून भागत नाही, दुसऱ्या जाणत्याचा जबाब लिहून घ्यायचा. नागली-वरई कोण पेरायचं, बांध कोणी घातला, कुठल्या झाडापर्यंत कुणाचं, सगळं विचारा.

गावी जाल तेव्हा वही-पेन घेऊन जा. जबाब लिहा, वाचून दाखवा, मग अंगठा घ्या आणि वनहक्क समितीकडे द्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका.