जुना आजार आणि मालकाची जबाबदारी

(चंदीगढ, सेक्टर 32 येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



याच सेक्टरमध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. अशा रुग्णालयांत कामावरून आणलेला मजूर दगावतो आणि मृत्यूचे कारण ‘हृदयविकार’ म्हणून नोंदले जाते. मालकाचा वकील हाच शब्द ढालीसारखा पुढे धरतो : आजार त्याचा स्वतःचा, मालकाचा काय संबंध?

या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या गोदीतील एका विधवेने मिळवून ठेवले आहे. तिचा पती पोर्ट ट्रस्टचा कामगार होता. हृदयविकार त्याला आधीपासून होता आणि कामावर असतानाच तो गेला. 1954 च्या निकालसंग्रहात आलेल्या या खटल्यात मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी तत्त्व सांगितले : आजार जुना असला, तरी कामाच्या ताणाने मृत्यू ओढवला किंवा लवकर आला असेल, तर भरपाई देय आहे. श्रमशक्ती मालकाची आणि झिजलेले शरीर मात्र कामगाराचे, अशी वाटणी कायद्याला मान्य नाही.

परंतु येथेच थांबणे घातक ठरेल. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने वाहनावरील एका क्लीनरच्या प्रकरणात बजावले की, कामावर असताना हृदयविकाराने मृत्यू आला एवढ्यावरून अपघात गृहीत धरता येत नाही. ताण सिद्ध झाला पाहिजे. उलट 2012 साली त्याच न्यायालयाने, दिल्लीहून झारखंडमधील निमियाघाटपर्यंत 1152 किलोमीटर ट्रक हाकून कोसळलेल्या चालकाच्या वारसाला भरपाई दिली. फरक मृत्यूत नव्हता, पुराव्यात होता.

राज्य विमा कायद्यात 1966 च्या दुरुस्तीने विमाधारकाला एक संरक्षण मिळाले : कामाच्या ओघात झालेला अपघात, विरुद्ध पुरावा नसल्यास, कामामुळेच झाला असे मानावे. 1923 च्या भरपाई कायद्यात असे गृहीतक नव्हते. तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून ती लागू झाली. तरी विम्याबाहेरच्या कंत्राटी मजुराच्या वारसांवरील सिद्धतेचे ओझे उतरलेले नाही. हे गृहीतक सर्व कामगारांना लागू करा, ही आपली मागणी असली पाहिजे.

तोवर काम युनियनचे आहे. मृत्यूच्या दिवशीच हजेरीपट, जादा तासांच्या नोंदी, उचललेल्या ओझ्याचा तपशील आणि सोबत्यांचे जबाब मिळवा. जुन्या आजाराचे कागद लपवू नका. आजार ठाऊक असूनही मालकाने अवजड काम दिले असेल, तर तेच कागद आपली बाजू मांडतील.

सहानुभूतीच्या ठरावाआधी त्या घरी हजेरीपटाची नक्कल पोचली पाहिजे.