हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचे आयुष्य



मोटारीचे इंजिन किती वर्षे टिकते, असा प्रश्न आपण सहज विचारतो. याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही फोक्सवॅगनची बीटल मोटार निवडली आहे. फर्डिनांड पोर्शे यांनी १९३० नंतरच्या दशकात आखलेली ही गाडी २००३ च्या जुलैपर्यंत मेक्सिकोत तयार होत होती. एकूण गाड्या निघाल्या दोन कोटी पंधरा लाखांवर. त्यांतल्या कित्येक अजून धावतात, म्हणून हा प्रश्न आजही जिवंत आहे.

या इंजिनात पाण्याची टाकी नाही, रेडिएटर नाही. स्कूटरच्या सिलिंडरवर असतात तशा कडा चारही सिलिंडरांवर असतात आणि एक पंखा त्यांच्यावर वारा घालतो. गळायला पाणीच नाही, हा मोठा लाभ. परंतु उष्णतेचा बराच भार तेलावर पडतो, आणि तेल असते अवघे अडीच लिटर. मूळ रचनेत ते गाळायला साधी जाळी आहे. बारीक मळी तीत अडकत नाही. ती जुन्या तेलाबरोबरच बाहेर काढावी लागते. म्हणून पाच हजार किलोमीटरांच्या आत तेल बदलावे, हा नियम झाला.

आता आकडा सांगतो. नेमाने सांभाळलेले इंजिन साधारणपणे एक लाख ते दीड लाख किलोमीटर चालते. मूळ इंजिनावर एक लाख किलोमीटर पुरे करणाऱ्या चालकाला १९५० नंतरच्या काळात कंपनी बिल्ला देत असे. म्हणजे तो पल्ला त्या वेळी कौतुकाचा होता! हयगय झाली, तर त्याच्या निम्म्यावरही इंजिन बसते.

ही हयगय होते कुठे? मुख्यतः झडपांपाशी, म्हणजे ज्यांना आपण व्हॉल्व्ह म्हणतो तिथे. जळका वायू बाहेर सोडणारी झडप लालबुंद होते. ती मिटून आपल्या बैठकीवर टेकते तेव्हाच तिची उष्णता सिलिंडरच्या डोक्यात उतरते. ती नीट टेकावी म्हणून, इंजिन थंड असताना, तिच्या दांड्यापाशी थोडी फट ठेवतात. नंतरच्या बहुतेक इंजिनांत ही फट ०.१५ मिलिमीटर असते. वापराने ती कमी होत जाते. फट संपली की झडप पुरती मिटत नाही, तापतच राहते आणि अखेर जळते किंवा तिचे डोके तुटून पिस्टनवर पडते.

येथे एक चमत्कारिक गोष्ट आहे. फट जास्त असेल तर झडप टकटक वाजते. फट संपली तर आवाज थांबतो. मालकाला वाटते, गाडी सुधारली! वाजणारी झडप सहसा तग धरते. मुकी झडप घात करते. एकाच झडपेची फट वारंवार कमी होऊ लागली, तर ती ताणली जात आहे असे समजावे. दुखणे अंगावर काढण्यात शहाणपण नाही.

पुष्कळ इंजिनांत तिसऱ्या सिलिंडरचे हाल अधिक होतात. जुन्या रचनेत तेल थंड करणारी पेटी त्याच्या वाऱ्याच्या वाटेत होती, त्यामुळे त्याला वारा मिळे तो ऊन झालेला. १९७१ च्या सुमारास ही पेटी बाजूला हलवली गेली.

मग इंजिन संपले असे कधी म्हणावे? सिलिंडर आणि पिस्टन सुटे आहेत. ते बदलता येतात. डोकी बदलता येतात. पण ज्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूच्या पेटीत मुख्य दांडा फिरतो, तिच्या बैठका ठोक्यांनी सैल झाल्या की त्या तासून नीट करण्यालाही मर्यादा आहे. इंजिनाचे खरे वय त्या पेटीचे वय होय.

तेव्हा जुनी गाडी घेताना आकडा पाहून भुलू नका. तेल केव्हा बदलले आणि झडपांची फट कोणी, केव्हा तपासली, हे विचारा. मालकाला ते सांगता येत नसेल, तर इंजिन दुरुस्तीचा खर्च धरूनच किंमत ठरवा.