वर्गात शिरलेले ध्वनिमुद्रण यंत्र



सोनी हे नाव उच्चारताच कोणाला दिवाणखान्यातील ट्रिनिट्रॉन दूरचित्रवाणी संच आठवतो, कोणाला मामाने आखातातून आणलेला वॉकमन, तर आजच्या मुलांना प्लेस्टेशन. या कंपनीच्या उभारणीत शाळांचा मोठा हात होता, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. हीरकमहोत्सवी व्यासपीठावर ती हकिगत अप्रस्तुत ठरू नये.

महायुद्ध संपले तेव्हा टोकियो बेचिराख झाले होते. ऑक्टोबर १९४५ मध्ये मासारू इबुका या अभियंत्याने शिरोकिया या दुकानाच्या, बॉम्बहल्ल्यांतून कशाबशा उरलेल्या इमारतीत मोजक्या सहकाऱ्यांसह काम सुरू केले. त्याची बातमी वृत्तपत्रात वाचून त्याचा युद्धकाळातील स्नेही अकिओ मोरिता त्याला येऊन मिळाला. मोरिता भौतिकशास्त्राचा पदवीधर, पण घराण्याचा तीनशे वर्षांचा साके गाळण्याचा व्यवसाय. थोरल्या मुलाने गादी चालवायची, ही रीत. इबुका आणि सहकारी त्याच्या वडिलांना भेटायला गेले, आणि वडिलांनी मुलाला मोकळे केले. पुढे या धडपडीला पैसाही दिला. थोरल्या मुलावर पिढीजात व्यवसायाचा हक्क सांगणाऱ्या समाजात हा निर्णय किती कठीण असेल, हे पालकांना वेगळे सांगायला नको.

७ मे १९४६ रोजी टोकियो त्सुशिन कोग्यो ही कंपनी स्थापन झाली. भांडवल १ लाख ९० हजार येन, माणसे विसाच्या आसपास. इबुकाने लिहिलेल्या स्थापना-पत्रकात तंत्रज्ञांना आनंदाने काम करता येईल असा कारखाना हे ध्येय होते. त्याबरोबरच सामान्य जनतेत विज्ञानाचे शिक्षण पसरवणे हेही होते. उद्या पगार द्यायला पैसे असतील की नाही याची शाश्वती नसताना लिहिलेले हे कलम आहे.

पहिली वस्तू फसली. लाकडी भांड्याच्या तळाशी विजेचे अग्र बसवून भात शिजवण्याचे यंत्र केले. भात कधी कच्चा राही, कधी गिचका होई. मग इबुकाच्या दृष्टीस अमेरिकी ध्वनिमुद्रण यंत्र पडले आणि त्याने ध्यास घेतला. यंत्र जमले, फीत जमेना. प्लॅस्टिक मिळत नव्हते म्हणून कागदाच्या पट्ट्या घेतल्या. चुंबकीय भुकटीसाठी एक पिवळी रासायनिक पूड तव्यावर परतायची, ती तपकिरी झाली की काळी पडण्याआधी उतरवायची आणि नरम केसांच्या कुंचल्याने कागदावर लावायची. स्वयंपाकघरातील बेसन भाजण्यापेक्षा ही क्रिया फार निराळी नव्हती!

१९५० मध्ये यंत्र बाजारात आले. वजन पस्तीस-चाळीस किलो, किंमत दीड लाख येनहून अधिक. नव्या पदवीधराला महिन्याला दहा हजार येनही मिळत नसत. लोक हौसेने स्वतःचा आवाज ऐकत, कौतुक करत आणि निघून जात. मोरिताने आत्मचरित्रात नोंदवले आहे की, या निराशेतच जुन्या वस्तूंच्या एका दुकानात त्याने एका गृहस्थाला जुनी फुलदाणी यंत्राहून अधिक दामाने खरेदी करताना पाहिले. वस्तूचे मोल तिची गरज किंवा महत्त्व ओळखणाऱ्यालाच असते, हे त्याला तिथे उमगले. मग गरज कोणाला, याचा शोध सुरू झाला. न्यायालयांत लघुलेखकांची टंचाई होती. सर्वोच्च न्यायालयाने वीस यंत्रे घेतली.

खरे गिऱ्हाईक मात्र शाळा ठरल्या. युद्धोत्तर जपानमध्ये दृक्‌श्राव्य शिक्षणाचा पुरस्कार होऊ लागला होता, पण आलेल्या चित्रफिती इंग्रजीत होत्या. फितीवरील जपानी निवेदनाने ती अडचण दूर झाली. शिवाय विद्यार्थ्याला स्वतःचे वाचन ऐकून सुधारता येऊ लागले. कंपनीने १९५१ मध्ये शाळांना परवडेल आणि उचलता येईल असे लहान यंत्र काढले आणि ते देशभरच्या वर्गांत पोहोचले. तवा घेऊन बसलेली कंपनी या आधारावर तगली.

याच काळात टोकियोच्या कला विद्यापीठातील नोरिओ ओगा हा गायनाचा विद्यार्थी यंत्राचे दोष सांगत कंपनीत येऊ लागला. नर्तकाला जसा आरसा, तसे गायकाला हे यंत्र हवे, पण आवाज असा विकृत नको, हे त्याचे म्हणणे. त्याला कोणी हाकलले नाही. १९५९ मध्ये नोकरीत घेतले आणि १९८२ मध्ये तो अध्यक्ष झाला. त्याच वर्षी कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. चुका दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला असा मान क्वचितच मिळतो.

पुढचा इतिहास अधिक परिचित आहे. ट्रान्झिस्टरचा परवाना २५ हजार डॉलरना ठरला. परकीय चलन देण्यास सरकारने बराच काळ लावला. १९५५ मध्ये कंपनीने ट्रान्झिस्टर रेडिओ काढला. तो जगातील पहिला नव्हे. अमेरिकेत १९५४ मध्येच एक आला होता. बुलोव्हा या अमेरिकी कंपनीने एक लाख रेडिओंची मागणी नोंदवली, पण त्यांवर नाव बुलोव्हाचे हवे, ही अट. टोकियोहून होकाराचा आग्रह होत असतानाही मोरिताने ती नाकारली. १९५८ मध्ये कंपनीचेच नाव सोनी झाले. १९५९ मध्ये प्राथमिक शाळांतील विज्ञानशिक्षणासाठी तिने निधी सुरू केला. स्थापना-पत्रकातील कलम तेरा वर्षांनी अमलात आले म्हणायचे. १ जुलै १९७९ रोजी वॉकमन आला. ध्वनिमुद्रणावर उभी राहिलेली कंपनी ध्वनिमुद्रण न करणारे यंत्र विकत होती.

अपयशेही कमी नव्हती. बीटामॅक्स व्हीएचएसपुढे हरले, आणि २००१ मध्ये आलेल्या आयपॉडने वॉकमनची जागा घेतली. संगीत, यंत्रे आणि संगणक या तिन्ही शाखा एकाच छताखाली असूनही एकमेकींशी जुळवून घेऊ शकल्या नाहीत, ही तिची मोठी चूक म्हटली पाहिजे. पुढे तोट्याची वर्षेही आली. आज तिचा एक महत्त्वाचा व्यवसाय मोबाइल कॅमेऱ्यातील प्रतिमा टिपणाऱ्या चकत्यांचा आहे. त्या इतर कंपन्यांच्या फोनमध्ये बसतात, आणि त्या फोनवर सोनीचे नाव नसते.